पार्श्वभूमी : विज्ञानकथेतला दुष्काळ आणि मराठवाड्याचे आभाळ

वाळवंटी ग्रहावरची ‘ड्यून’ ही फ्रँक हर्बर्टची गाजलेली अमेरिकी कादंबरी 1965 सालची. तिथली माणसे घामही अंगावरच्या पोशाखात गाळून परत पितात. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर गवत लावून वाळूच्या टेकड्या थोपवण्याचे सरकारी काम पाहताना लेखकाला तिचे बीज मिळाले. त्याच वर्षी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली.

मराठीत विज्ञानकथेला बळ दिले ते 1970च्या सुमारास सुरू झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने. 1974 साली एका नामवंत खगोलशास्त्रज्ञाने टोपणनावाने कथा पाठवून तिथे बक्षीस मिळवले. दोनच वर्षांपूर्वी मराठवाडा दुष्काळी कामांवर खडी फोडत होता, सुकडीवर, म्हणजे मदतीत मिळणाऱ्या कोरड्या खाऊवर, दिवस काढत होता. त्या दिवसांचा माग तेव्हाच्या विज्ञानकथेत फारसा लागत नाही. दुष्काळ ग्रामीण कथेच्या वाट्याला गेला, अंतराळ विज्ञानकथेच्या. या वाटणीत मराठवाड्याचे नुकसानच झाले.

सगळ्यात जास्त गुंता आहे तो कृत्रिम पावसाचा. 1946 साली एका अमेरिकी विद्युत कंपनीच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर आयोडाइडचा गुण लक्षात आला. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी. ढगातले काही थेंब शून्याखालीही गोठलेले नसतात. ते या कणांभोवती गोठतात, वाढतात आणि पावसाच्या रूपाने खाली येतात. हा शोध लावणाऱ्याचा धाकटा भाऊ त्याच कंपनीच्या जनसंपर्क विभागात कामाला होता. त्याने 1963 साली कादंबरी लिहिली, ती एका कणाने जगभरचे पाणी गोठवून टाकणाऱ्या पदार्थाची. पाऊस पाडण्याची विद्या आणि तिची धास्ती, दोन्ही एकाच घरातली.

ऑगस्ट 2015मध्ये ही विद्या तेव्हाच्या औरंगाबादेत आली. रडार बसले, ढगांत कण फवारणारे विमान उडाले, गावोगावी माणसे आभाळाकडे बघू लागली. निर्णयावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. फवारणीला आधी पाणीदार ढग लागतो. पावसाने ओढ दिली की नेमका तोच मिळत नाही. पडलेला पाऊस फवारणीचा की मुळातच येणारा, हे कळायला न फवारलेले ढगही मोजावे लागतात. अशी मोजणी सोलापूर भागात 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात झाली. 276 ढग निवडले, काहींवर फवारणी केली, काही तसेच सोडले. वाऱ्याच्या दिशेने सुमारे 100 चौरस किलोमीटरवर पाऊस सरासरी 18 टक्के वाढलेला आढळला. तंत्र खोटे नाही. पण पेरण्या करपल्यावर घाईने उडवलेल्या विमानाला या आकड्याचा आधार देता येत नाही. 2019मध्ये मराठवाड्यात पुन्हा तेच झाले.

मधल्या एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी होती आणि मांजरा खोऱ्यात ऊस घेतला जातच होता.

पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा 2005चा. पुढे त्याला आकडा जोडला गेला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. एक तारीख आणि एक टक्केवारी यांवर दोन प्रदेशांची तहान ठरते. मराठवाड्याची विज्ञानकथा लिहायची, तर विमानाच्या आधी हा आकडा हाती घ्यावा लागेल.