फेकीचे बळ दंडात नसते

इंदूरच्या होळकर स्टेडियममध्ये सीमारेषेवरून आलेला चेंडू थेट यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांत विसावला की ‘काय दंड आहे!’ अशी दाद हमखास उमटते. सी. के. नायडूंच्या या शहराला क्रिकेटची जाण कमी नाही. पण ही दाद चुकीच्या अवयवाला मिळते. चिंपांझी माणसाहून बलवान असतो, चिडला की दगडही भिरकावतो, तरी त्याच्या फेकीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच राहतो आणि सराव असलेला बारा वर्षांचा मुलगा त्याला सहज मागे टाकतो.

असे का, याचे उत्तर नील रोच, डॅनियल लिबरमन आणि सहकारी संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडले. बेसबॉल खेळाडूंच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपून त्यांनी फेकीचा एकेक टप्पा तपासला. फेकताना कोपर काटकोनात वाकवून हात मागे नेला जातो, पाऊल पुढे पडते, आधी कंबर आणि मग छाती लक्ष्याकडे वळते. परंतु कोपरापुढचा हात आणि मुठीतला चेंडू जडत्वामुळे मागेच रेंगाळतात. परिणामी दंडाचे हाड स्वतःच्या अक्षाभोवती मागे फिरते आणि खांद्याभोवतीचे अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे पट्टे), कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) व स्नायू गलोलीच्या रबरासारखे ताणले जाऊन ऊर्जा साठवतात. ती सुटली की तेच हाड सेकंदाला ९,००० अंशांपर्यंतच्या वेगाने उलट फिरते. मानवी शरीराची याहून वेगवान हालचाल माहीत नाही. या फिरण्यामागच्या कार्यात निम्म्याहून अधिक वाटा साठवलेल्या ऊर्जेचा असतो, असा त्यांचा हिशेब आहे. (चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून अधिक सरळ करण्यास गोलंदाजाला मनाई असते, त्यामुळे ही यंत्रणा पाहायची तर क्षेत्ररक्षकाचीच फेक पाहावी.) मनगटाला मंतरलेला काळा दोरा बांधून किंवा प्रथिनांच्या पावडरीचे डबे रिचवून यातला एकही अंश वाढत नाही, हे मुलांना मैदानावर आणणाऱ्या पालकांनी ध्यानात घेतलेले बरे.

चिंपांझीची कंबर आखूड व ताठर असते आणि त्याच्या खांद्याची खोबण वरच्या दिशेला वळलेली असते, जी फांद्यांना लोंबकळण्यास सोयीची आहे. माणसाची कंबर लांब असल्याने छाती नितंबांपासून स्वतंत्रपणे वळते, खोबण बाजूला उघडते आणि दंडाच्या हाडातील नैसर्गिक पीळ कमी असल्याने ते अधिक मागे फिरू शकते. हे तिन्ही बदल सुमारे २० लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टस या आदिम मानवप्रजातीत प्रथम एकत्र आढळतात, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. सुळे आणि नख्या नसलेल्या प्राण्याला दुरून वार करता येणे ही शिकारीत मोठीच जमेची बाजू होती. तथापि लांब कंबर चालण्याधावण्यालाही उपयोगी पडते, त्यामुळे ‘दगड फेकता फेकता माणूस घडला’ यासारखे मथळे मला अतिरंजित वाटतात.

शिकाऱ्याला दिवसभरात मोजक्याच फेकी कराव्या लागत असणार. बेसबॉलचा पिचर मात्र एकेका सामन्यात शंभराच्या घरात चेंडू फेकतो, आणि ऊर्जा साठवणारे तेच अस्थिबंध वारंवार ताणले जाऊन सैल पडतात किंवा फाटतात.