वोर्म्सी

एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे बाल्टिक समुद्रातील बेट. क्षेत्रफळ सुमारे ९३ चौ. किमी.; आकाराने देशात चौथे. स्वीडिश नाव ऑर्म्सो, जर्मन वोर्म्स. बेट सखल आहे, सर्वोच्च जागाही जेमतेम १३ मी. उंच. जमीन चुनखडकाची, त्यावर पाइनची वने व जुनिपरची झुडपे. मुख्य गाव हुल्लो. मुख्य भूमीवरील हाप्सालू शहराजवळच्या रोहुक्युला बंदरातून फेरीबोट सुमारे पाऊण तासात स्विबीच्या धक्क्याला लागते. सकाळी येऊन, सायकलने फिरून संध्याकाळी परतता येते.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. स्वीडिशमध्ये ‘ऑर्म’ म्हणजे साप व ‘ओ’ म्हणजे बेट. त्यावरून ‘सापांचे बेट’ हा अर्थ रूढ झाला. मात्र ऑर्म हे जुन्या नॉर्डिक समाजातले पुरुषनामही होते. नावातला ‘स’ हा षष्ठी एकवचनाचा प्रत्यय आहे. अनेक सापांसाठी जुन्या स्वीडिशमध्ये निराळे रूप अपेक्षित असते. त्यामुळे ‘ऑर्म नावाच्या माणसाचे बेट’ हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. गावांच्या नावांत असा संदेह नाही : नोर्बी म्हणजे उत्तरेचे गाव, सोदर्बी दक्षिणेचे.

स्वीडिश शेतकरी-कोळी येथे बहुधा तेराव्या शतकात वसले. हाप्सालूच्या १२९४ च्या नगरसनदेत या किनारपट्टीवरील स्वीडिश लोकांचा उल्लेख आहे. पुढे जर्मन जमीनदारांशी त्यांचे हक्कांवरून दीर्घकाळ तंटे चालले. १८७३ मध्ये आलेले स्वीडिश धर्मोपदेशक लार्स योहान एस्टरब्लोम यांनी शिक्षण व साक्षरतेला चालना दिली. त्यांच्या उपदेशाने उठलेल्या धार्मिक लाटेत नाचगाणे पाप ठरले आणि घोड्याच्या केसांच्या तारा असलेले, गजाने वाजवायचे ‘तालहार्पा’ हे वाद्य बेटावरून जवळजवळ नाहीसे झाले. ही हानी मोठीच म्हटली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथे सुमारे अडीच हजार लोक होते, बहुतेक स्वीडिशभाषक. १९४४ पर्यंत जवळजवळ सर्वच स्वीडनला निघून गेले. सोव्हिएत काळात बेट सीमाक्षेत्रात असल्याने परवान्याशिवाय येता येत नसे. रिकाम्या घरांत मुख्यतः एस्टोनियन कुटुंबे आली.

हुल्लोजवळच्या संत ओलाफ चर्चच्या दफनभूमीत चुनखडकाचे तीनशेहून अधिक चक्रक्रूस आहेत. एका ठिकाणी इतके अन्यत्र आढळत नाहीत. क्रूसाच्या चारही बाहू दगडी वर्तुळाने जोडलेल्या. मधोमध नाव व वर्ष, काहींवर घराण्याची खूण. दगड गावकऱ्यांनीच घडवल्याने अक्षरे वेडीवाकडी आहेत, आणि शेवाळलेल्या पृष्ठभागावर ती तिरप्या उन्हात नीट दिसतात. या आकाराचा संबंध ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या सूर्यपूजेशी जोडला जातो; पण सर्वांत जुने क्रूसही अठराव्या शतकातले असल्याने स्वीडनच्या गोटलंड बेटावरील मध्ययुगीन वर्तुळक्रूसांची परंपरा जवळची मानावी.

याखेरीज स्विबीतील शेतघर-संग्रहालय, ऑर्थोडॉक्स चर्चचे भग्नावशेष व साक्सबीचा १८६४ चा दीपस्तंभ पाहण्यासारखे आहेत. २९ जुलैला, संत ओलाफच्या दिवशी, स्वीडनला गेलेल्यांचे वंशज चर्चमध्ये जमतात.