टोकियोहून येताना वारा तोंडावर

पुतणीचं टोकियोचं तिकीट घेऊन वहिनी आल्या. "भावजी, जाताना सव्वाअकरा तास आणि येताना सव्वासहाच? वाटेत उतार लागतोय की काय ओ?"

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते. टोकियोचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं. मुंबईहून जाण्याच्या वेळेतून ते वजा केले की उरतात पावणेआठ तास. येण्याच्या वेळेत मिळवले की होतात पावणेदहा. म्हणजे उलटंच! येतानाच दोन तास जास्त लागतात.

बेळगावच्या पूर्वेला असलेल्या सांबऱ्याहून सायकलीनं शहरात कामाला येणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. आषाढात सकाळी पश्चिमेचा वारा छातीवर घेत पायडल मारायचं आणि संध्याकाळी तोच वारा पाठीवर घेऊन घरी जायचं. विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा अरुंद, वेगवान झोत वाहतो. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. जपानवर तर हिवाळ्यात त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्याही पुढं जातो. तिथंच 1920च्या दशकात वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञांनी आकाशात फुगे सोडून, त्यांचा माग काढून हा वारा मोजला. जगानं वाचावं म्हणून 1926 साली त्यांनी अहवाल एस्परांतो या साऱ्या जगासाठी म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला आणि नेमका म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या आम्हा सीमाभागातल्या माणसांना ही गोष्ट जरा जास्तच लागते.

आता हिशेब. मुंबई ते टोकियो सरळ अंतर सुमारे 6,750 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरू. वारा नसेल तर साडेसात तास, जाऊन-येऊन पंधरा. ताशी 100चा वारा पाठीशी असेल तर जायला पावणेसात तास. तोच तोंडावर आला की परतायला 8 तास 26 मिनिटं. बेरीज 15 तास 11 मिनिटं! जाताना वाचलेला वेळ येताना पुरत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमानाचा वेग कमी होतो आणि म्हणून त्याच वाऱ्यात ते जास्त वेळ अडकून राहतं. प्रत्यक्षात धावपट्टीवरची वाट बघणं, चढणं-उतरणं हे सगळं वर धरायचं.

पण 'सरळ' म्हणजे कुठून? आमचं बेळगावातलं वडगाव विणकरांचं, सूत हाताशीच होतं. मुलाच्या पृथ्वीगोलावर वहिनींनी मुंबईवर एक टोक धरलं, मी टोकियोवर दुसरं, आणि सूत ताणलं. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ जाते त्यापेक्षा ते बरंच उत्तरेला सरकलं. वाटेच्या मध्यावर हा फरक पाचशे किलोमीटरच्या घरात जातो. गोलावरचा सर्वात जवळचा रस्ता तोच. नागपूरच्या उत्तरेकडून, तिबेटच्या आग्नेय कोपऱ्यावरून, चीन-कोरिया ओलांडून जाणारा.

"मग विमान असंच जातं?" नाही. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीनं सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर. तिथं खाली उतरायला जागाच नाही.

वहिनींनी बोटानं सूत तिबेटवरून खाली, बंगाल आणि म्यानमारकडे ओढलं. माझ्या हातातलं टोक तेवढं सैल सोडावं लागलं.