रक्तातील इओसिनोफिल आणि ३०० चा आकडा : पार्श्वभूमी

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या, रुग्णाला इन्हेलरमधून स्टेरॉइड द्यावे की नाही, हे ठरवताना आता साध्या रक्ततपासणीतील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या पाहिली जाते. एका मायक्रोलिटर रक्तात ३०० किंवा अधिक इओसिनोफिल असतील तर स्टेरॉइडच्या बाजूने भक्कम कौल, १०० पेक्षा कमी असतील तर विरोधात, आणि मधल्या रुग्णांबाबत तारतम्य, अशी विभागणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ मध्ये आली.

रुग्णाच्या हातातील कागदावर हा आकडा बरेचदा सरळ दिसत नाही. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) अहवालात एकूण पांढऱ्या पेशी ७,८०० आणि इओसिनोफिल ४ टक्के असे लिहिलेले असते. शेजारी १ ते ६ टक्के ही सामान्य मर्यादा छापलेली असते, म्हणून आकडा ठळक केलेला नसतो. गुणाकार केला की ३१२ येतात. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे रक्त अगदी सामान्य, तर छातीच्या डॉक्टरांच्या दृष्टीने याच पेशी ‘वाढलेल्या’ असतात. एका शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, हे समजल्याशिवाय ३०० बद्दलचा वाद नीट कळत नाही.

या पेशी १८७९ मध्ये जर्मनीत, इओसिन या रंगद्रव्याने रंगवल्यावर, वेगळ्या ओळखल्या गेल्या. दम्याने दगावलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकांत त्या मोठ्या संख्येने असतात, हे १९२२ पर्यंत शवविच्छेदनातून नोंदले गेले होते. १९५८ मध्ये इंग्लंडमधील एका डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडका तपासून दाखवले की, ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल आहेत त्यांनाच प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा गुण येतो. आजच्या साऱ्या विचाराचे मूळ तेथे आहे. पण बेडका तपासणे किचकट असल्याने ते निरीक्षण पुढे कित्येक दशके मागे पडले.

भारतात मात्र हा शब्द वेगळ्याच वाटेने घरोघरी पोहोचला. १९४० मध्ये, सध्याच्या आंध्र प्रदेशातील मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातून, क्षयासारख्याच दिसणाऱ्या पण क्षय नसलेल्या आणि इओसिनोफिल कमालीचे वाढलेल्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. १९४३ मध्ये त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव मिळाले. आरंभी त्यावर आर्सेनिकयुक्त औषधे दिली जात. पुढे हत्तीरोगाच्या जंतूंविरुद्ध शरीराने दिलेली ही तीव्र प्रतिक्रिया आहे हे स्पष्ट झाले आणि डाइइथाइलकार्बामाझिन हे हत्तीरोगावरचेच औषध लागू पडले. या आजारात मायक्रोलिटरमागे ३,००० हून अधिक इओसिनोफिल आढळतात. तेव्हापासून आपल्याकडे ‘इस्नोफिलिया’ हे रक्तातील निष्कर्षाचे नव्हे, तर रोगाचे नाव झाले. जुनाट खोकल्याचा रुग्ण आजही ‘मला इस्नोफिलिया आहे’ असे सांगतो, आणि त्यामागे दमा असू शकतो, जंत असू शकतात किंवा साधी ॲलर्जीही असू शकते. वैद्यकाच्या पुस्तकात ५०० च्या वर इओसिनोफिलिया, हत्तीरोगाशी निगडित फुप्फुसविकारात ३,००० च्या वर आणि सीओपीडीत ३००, असे तीन उंबरठे एकाच शब्दात कोंबले गेले आहेत.

यातला ३०० हा उंबरठा सर्वांत तरुण आहे. इओसिनोफिल कमी करणारे प्रतिपिंड-औषध (अँटीबॉडीपासून बनवलेले) २००० मध्ये दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा रक्तातील पेशी घटल्या, पण ॲलर्जीकारक द्रव्य हुंगवल्यावर श्वासनलिका आक्रसायच्या त्या आक्रसतच राहिल्या. २००९ मधील दोन चाचण्यांत बेडक्यात इओसिनोफिल असलेलेच रुग्ण निवडले गेले आणि आजार उफाळण्याचे प्रमाण घटले. औषध तेच होते, निवड बदलली होती. २०१२ च्या मोठ्या चाचणीनंतर निवडीसाठी बेडक्याची गरज नाही, रक्त पुरते, असे मत स्थिरावले.

सीओपीडीत सुरुवात टक्केवारीने झाली. २०१२ च्या एका इंग्लिश चाचणीत आजार उफाळल्यावर २ टक्क्यांची रेषा धरून प्रेडनिसोलोन द्यायचे की नाही हे ठरवले गेले. परंतु टक्केवारी इतर पेशींवर अवलंबून असते. २४० इओसिनोफिल असलेल्या रुग्णाच्या एकूण पेशी ६,००० असतील तर टक्केवारी ४ येते, आणि जंतुसंसर्गामुळे त्या १२,००० झाल्या तर तीच २ वर उतरते. म्हणून प्रत्यक्ष संख्या स्वीकारली गेली, आणि ते योग्यच झाले.

संख्या कोणती, हा मात्र खरा तंटा आहे. २०१४ नंतरची बरीचशी विश्लेषणे इन्हेलर बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचण्यांवर, त्या संपल्यानंतर केलेली होती. त्यांत इओसिनोफिल वाढत जातील तसा स्टेरॉइडचा फायदाही हळूहळू चढत गेलेला दिसतो. २९९ आणि ३०० यांच्यामध्ये कसलीही पायरी नाही. चढणीवर कोठेतरी रेघ मारावी लागते, म्हणून ती मारली गेली. हे उंबरठे अंदाजाचे आहेत असे खुद्द मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात, तरी व्यवहारात ते वाक्य गळते आणि आकडा उरतो.

आपल्याकडे ही रेघ अधिक जपून वाचायला हवी, असे मला ठामपणे वाटते. ज्या प्रदेशात जंतांचा प्रादुर्भाव आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत हत्तीरोगाविरुद्ध सामूहिक औषधोपचार मोहिमा घ्याव्या लागतात, तेथे ३५० इओसिनोफिल म्हणजे स्टेरॉइडला दाद देणारी श्वासनलिकाच असे गृहीत धरता येत नाही. दुसरीकडे, त्याच तत्त्वांत पूर्वी झालेला क्षय हे इन्हेलरमधील स्टेरॉइडविरुद्धचे एक कारण म्हणून नोंदलेले आहे, आणि ते कारण आपल्या ओपीडीत रोज समोर बसलेले असते.

२०२४ मध्ये अमेरिका व युरोपात सीओपीडीसाठी पहिल्या प्रतिपिंड-औषधाला मान्यता मिळाली. ज्या चाचण्यांवर ती आधारलेली होती, त्यांत किमान ३०० ही प्रवेशाची अट होती. अंदाजाची रेघ अशा रीतीने महागड्या उपचाराचे दार ठरू लागली आहे. या पेशी दिवसभरात कमीजास्त होतात. रात्री त्यांची संख्या अधिक असते, दुपारच्या सुमारास घटते. तोंडावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने तर त्या काही तासांतच खाली येतात. दम लागला म्हणून चार दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेतलेल्या रुग्णाचे रक्त पाचव्या दिवशी तपासले, तर अहवालात ४० इओसिनोफिल येऊ शकतात, आणि गोळ्यांची ती पट्टी त्याच्या पिशवीत आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.