थुंकीच्या तंतूंवरून यीस्ट कळत नाही

सकाळी उठल्याउठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकायचं. दोऱ्यासारखे तंतू खाली लोंबले की अंगात यीस्ट, म्हणजे कॅन्डिडा बुरशी, माजली असं समजायचं. ही चाचणी वर्षानुवर्षं फिरते आहे आणि ती चुकीची आहे. लाळेत म्युसिन नावाचं चिकट प्रथिन असतं. रात्रभरात लाळ दाटते, म्हणून तंतू दिसतात. निरोगी माणसाच्याही दिसतात.

कॅन्डिडा तर कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात असतेच. थकवा, डोकेदुखी, गोडाची ओढ हे सगळं तिच्या माथी मारायची कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेत पसरली. तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ मध्येच ती सिद्ध झालेली नाही असं सांगितलं.

नेहमी आढळणारा खरा संसर्ग वेगळा असतो. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, खरवडला तर खाली लालभडक. योनीमार्गात खाज, आग, घट्ट पांढरा स्राव. अँटिबायोटिक्सनंतर, मधुमेहात, दम्याचा स्टिरॉइड पंप घेऊन चूळ न भरल्यास तो होऊ शकतो. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. आणि नुसता थकवा असेल तर कृपा करून ग्लासात थुंकत बसू नका, डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या.