तोतयाचे पत्र : फिशिंगची पार्श्वभूमी

आपल्या कायद्याच्या मराठी अनुवादात ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असा एक शब्दप्रयोग आहे. फिशिंगसाठी मराठी प्रतिशब्द रूढ झाला नाही, तरी त्याचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. ज्याच्यावर आपला आधीच विश्वास बसलेला आहे त्याचे नाव धारण करून कोणी तिऱ्हाईत येतो आणि पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे आपल्याच हातून घेऊन जातो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया पारखायचा तर भाऊंना जवळून पाहिलेली माणसे तरी हयात होती. ईमेलमध्ये मात्र अशा पारखीची सोयच मुळात ठेवलेली नव्हती.

ईमेल कसा पोहोचवायचा याचे जे नियम १९८२ साली लिहिले गेले, ते एकमेकांना ओळखणाऱ्या विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या छोट्या जाळ्यासाठी होते. पाठवणाऱ्याने ‘प्रेषक’ म्हणून जे नाव लिहिले ते खरे मानून पत्र पुढे धाडायचे, एवढेच यंत्राचे काम होते. टपालाच्या पाकिटावर मागच्या बाजूला कोणाचेही नाव लिहिता येते, तसाच हा प्रकार होता. पुढे हे जाळे जगभर पसरले, बँका त्यावर आल्या, पण पाकिटावरच्या नावाची शहानिशा न करण्याची रीत बरीच वर्षे तशीच राहिली. फिशिंगचे मूळ माणसाच्या भोळेपणात शोधण्याआधी ते इथे शोधले पाहिजे, असे मला वाटते.

तोतयेगिरीचा धंदा प्रथम बहरला तो अमेरिकेतील ‘अमेरिका ऑनलाइन’ या डायल-अप सेवेवर. सूत्राने तयार केलेले बनावट क्रेडिट कार्ड क्रमांक देऊन काही तरुण तिथे फुकट खाती उघडत असत. १९९५ मध्ये कंपनीने कार्डांची पडताळणी कडक केली तेव्हा त्यांनी खऱ्या ग्राहकांच्या खात्यांकडे मोर्चा वळवला. ‘मी ग्राहकसेवा विभागातून बोलतो आहे, पडताळणीसाठी तुमचा पासवर्ड कळवा’ अशा आशयाचे संदेश ते पाठवत, आणि त्यासाठी ‘एओहेल’ नावाचे तयार साधनही हातोहात फिरत होते. गळाला लागलेल्या खात्यांना ते ‘मासे’ म्हणत. १९७० च्या दशकात टेलिफोन यंत्रणेत घुसणाऱ्यांना ‘फ्रीक’ म्हणत, त्या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून (phreak) या मासेमारीचे स्पेलिंगही ‘fishing’ऐवजी ‘phishing’ असे बदलले, आणि १९९६ पासून ते इंटरनेटवरील चर्चांत आढळते. अखेर कंपनीला संदेशाच्या चौकटीतच सूचना द्यावी लागली की आमचा कोणताही कर्मचारी तुम्हाला पासवर्ड विचारणार नाही. आज प्रत्येक बँक आपल्याला एसएमएसमधून हेच कळवते. तीस वर्षांत सूचनेचे शब्दही फारसे बदललेले नाहीत.

भारतात या विषयावरचा पहिला महत्त्वाचा निवाडा मार्च २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात झाला, आणि त्यात बँकेचा संबंध नव्हता. नोकरभरती करणाऱ्या एका एजन्सीने नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या नावाने ईमेल पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती गोळा केली होती. फिशिंगवर स्वतंत्र कायदा नसतानाही न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. प्रकरण तडजोडीने मिटले आणि सोळा लाख रुपयांची भरपाई ठरली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख चोरण्यासाठी ६६-सी आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६-डी ही कलमे आली ती ऑक्टोबर २००९ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टपासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना पासवर्ड किंवा ओटीपीसारख्या दुसऱ्या पडताळणीची सक्ती झाली. त्यामुळे केवळ कार्डाचा क्रमांक चोरून भागेनासे झाले, म्हणून भामटे फोन करून ओटीपीच मागू लागले.

कार्यालयांवरचे हल्ले याहून वेगळे असतात, कारण तिथे हजारोंना एकच पत्र न पाठवता मोजक्या माणसांची माहिती काढून त्यांच्या कामाला साजेसे पत्र लिहिले जाते. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा-साधने बनवणाऱ्या कंपनीतील थोड्या कर्मचाऱ्यांना ‘२०११ ची भरती योजना’ अशा विषयाचा ईमेल आला. तो यंत्रणेने ‘जंक’मध्ये टाकलाही होता, पण एकाने तो तिथून काढून जोडलेली एक्सेल फाइल उघडली आणि तेवढ्यावर हल्लेखोर आत शिरले. बांगलादेश बँक या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या कर्मचाऱ्यांना २०१५ मध्ये नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने पत्रे आली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला वळवले गेले. आलेला अर्ज उघडून पाहणे हे तर कर्मचाऱ्याचे रोजचे कामच असते. त्यामुळे ‘क्लिक का केलेस?’ म्हणून त्याला फैलावर घेणे मला अन्यायाचे वाटते, शिवाय ते घातकही आहे, कारण बोलणी खावी लागणार या भीतीने पुढचा माणूस चूक लपवतो आणि खाते गोठवण्याचे, पासवर्ड बदलण्याचे मोलाचे पहिले तास वाया जातात.

२०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या कंपन्यांनाही एका लिथुआनियन इसमाने नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने बनावट बिले पाठवून दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेला फसवले. अशा वेळी उपयोगी पडते ती हिशेब विभागातली जुनी शिस्त: खातेक्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर त्या पत्रातल्या क्रमांकावर फोन न करता आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर करायचा.

पाकिटावरचे नाव तपासण्याची तांत्रिक सोय बरीच उशिरा झाली. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही मानके २००६ ते २०१२ च्या दरम्यान पुढे आली, आणि मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांना ती गूगल व याहूने सक्तीची केली ती २०२४ मध्ये. तरीही खऱ्या बँकेसारखे दिसणारे भलतेच इंटरनेटवरचे नाव (डोमेन) कोणी रीतसर विकत घेतले, तर ही मानके त्याला अडवत नाहीत. म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ (.bank.in) या राखीव पत्त्यावर जाण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. वेबसाइटच्या नावाचा खरा मालक शेवटच्या भागावरून कळतो, त्यामुळे ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे नाव उजवीकडून डावीकडे वाचावे लागते. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही लिहू शकतो, पण हा राखीव शेवट बँकांनाच मिळतो.