नाकाचं ‘हाड’ आणि ‘जरासा’ बदल : पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत नाकाच्या शस्त्रक्रियेला तिच्या नावाने सहसा कोणी बोलावत नाही. विचारलं की उत्तर येतं, ‘हाडाचं ऑपरेशन झालं.’ शेजारच्या हिंदी घरात तेच ‘नाक की हड्डी बढ़ गई थी’. मागणी मात्र बऱ्याचदा वेगळीच असते. कण्यावरचा छोटा उंचवटा उतरवायचा, खाली झुकलेला शेंडा किंचित उचलायचा, आणि तेही असं की दिवाळीला आलेल्या मावशीने ‘बारीक झालीस का गं?’ एवढंच विचारावं. मोजायला गेलं तर हा बदल 1 ते 3 मिलिमीटरचा. चाफेकळी नाक मागण्यापेक्षा ‘माझंच राहू द्या, फक्त जरा…’ हे मागणं डॉक्टरला जड जातं, आणि इतिहासात ते बरंच अलीकडचं आहे.

जुना भाग बहुतेकांना ठाऊक असतो: कापलं गेलेलं नाक बसवण्याची सुश्रुतसंहितेतली गालाच्या कातडीची कृती, पुढची कपाळाच्या कातडीची. त्यातला एकच प्रसंग इथे पुरे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेतला एक मराठी गाडीवान टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावून बसला होता. त्याचं नाक पुण्याकडे कसं बसवलं याचा त्यात तपशील आहे. मेणाचं नाक करून ते चपटं करायचं, कपाळावर ठेवून भोवती रेघ मारायची, कातडी सोडवून भुवयांमधल्या देठावर फिरवत खाली आणायची, सांध्यावर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवायच्या, देठ साधारण 25व्या दिवशी कापायचा. पानाच्या डब्यातलाच कात, इथे त्याच्या तुरटपणासाठी. हे करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला होता. 1814 मध्ये ही कृती लंडनमध्ये झाली आणि तिथून युरोपभर पसरली. पण हे सगळं गेलेलं नाक परत आणण्याचं काम.

असलेलं नाक बदलण्याचं काम खूप उशिरा सुरू झालं. 1887 मध्ये अमेरिकेत एका अपऱ्या नाकाचा शेंडा नाकाच्या आतून, बाहेर व्रण न ठेवता लहान केला गेला. 1898 मध्ये बर्लिनला मोठ्या नाकापायी लोकांत जायला लाजणाऱ्या एका तरुणाचं नाक कमी केलं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं मुख्य सूत्र हेच राहिलं: काढा. कण्याचं हाड कानशीने घासा किंवा छिन्नीने उतरवा, कूर्चा (हाडाहून मऊ, लवचीक भाग) कापा, शेंड्याच्या कमानी बारीक करा. टेबलावर नाक सुरेख दिसे. दहा वर्षांनी मधला भाग आत बसे, कण्यावर उलट्या ‘व्ही’सारखी सावली दिसे, नाकपुड्या चिमटल्यासारख्या होत आणि श्वास अडे.

आता ‘हाड’ या शब्दाकडे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा कूर्चेचा. मधला पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा. ज्याला ‘वाढलेलं हाड’ म्हणतात तो बहुधा वाकलेला पडदा असतो, कधी त्याला आलेला काटा, आणि ‘मांस वाढलं’ म्हणतात ते सुजलेलं टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवरचा उंचवटा. मोठ्या माणसांत पडदा तंतोतंत सरळ असणं हेच दुर्मीळ. तो सरळ करणं म्हणजे सेप्टोप्लास्टी. त्याने बाहेरचा आकार सहसा बदलत नाही. आकार बदलणं म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी. दोन्ही एकाच वेळी केलं की सेप्टोऱ्हायनोप्लास्टी. घरात तिन्हींना एकच नाव.

या नावाने दोन ठिकाणी अडतं. पहिलं शस्त्रक्रियेच्या टेबलावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कित्येक दशकं पडद्याची शस्त्रक्रिया म्हणजे आवरण उचलून आतली कूर्चा आणि हाड बऱ्यापैकी काढून टाकणं. म्हणजे ‘हाड काढलं’ हे तेव्हा जवळजवळ खरंच होतं. आजच्या पद्धतीत पडद्याची वरची आणि पुढची किनार किमान 10 मिलिमीटर रुंद, इंग्रजी ‘एल’च्या आकारात, शाबूत ठेवावीच लागते, ती गेली की कणा खोगीरासारखा बसतो. मधली कूर्चा हे आकार दुरुस्तीचं कोठार, आधाराला लागणारे तुकडे तिथूनच घेतात. ‘आधी नाकाचं ऑपरेशन झालंय का?’ या प्रश्नाला लोक सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण वीस वर्षांपूर्वीचं ‘हाड’ त्यांच्या हिशेबात ऑपरेशन नसतंच. मग पडदा उघडल्यावर कोठार रिकामं निघतं आणि कानाची किंवा बरगडीची कूर्चा घ्यावी लागते. बरगडीची कूर्चा पुढे वाकू शकते, शिवाय छातीवर वेगळा व्रण येतो. हे आधी ठरलेलं नसेल तर संमतिपत्रातही नसतं.

दुसरं अडतं ते कागदावर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली बरीच हल्ली बिलात भेटतात. 1 सप्टेंबर 2009 पासून सौंदर्य शस्त्रक्रियेवर सेवाकर आला. 2017 च्या जीएसटीत आरोग्यसेवेला सूट मिळाली, पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक शस्त्रक्रिया त्यातून वगळली. तिच्यावर 18 टक्के. अपवाद जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्याचा. 2019 मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या गेल्या, त्यात क्रमांक 08 हीच: अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार सोडून दिसणं बदलणारा खर्च मिळणार नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेलाही अनेक पॉलिसींत सुरुवातीचे 24 महिने थांबावं लागतं.

म्हणून ‘सगळं हाडातच टाकून द्या’ अशी गळ घातली जाते. आमच्या मते हा सल्ला वाईटच. डिस्चार्जच्या कागदावर फक्त सेप्टोप्लास्टी आणि नाकावर बाहेरून प्लास्टर, ही विसंगती तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर शेंड्यात कुठे टाके आहेत, ग्राफ्ट (आधाराला बसवलेला कूर्चेचा तुकडा) कुठे आहे, याची नोंदच नसते. श्वासाचा त्रास खरा असेल तर तो वेगळा सिद्ध होतो: दुर्बिणीने तपासणी, नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा 4 ते 6 आठवड्यांचा प्रयत्न, आणि नाकालगतचा गाल बोटाने बाहेर ओढून श्वास घेणं. गाल ओढल्यावर एकदम मोकळं वाटलं तर दोष बहुधा पडद्यापेक्षा आतल्या झडपेचा, म्हणजे पडदा आणि बाजूची कूर्चा यांमधल्या अरुंद वाटेचा. अंदाजपत्रकात पडदा आणि आकार या दोन ओळी स्वतंत्र हव्यात.

‘जरा’ शक्य झालं ते कापण्याचे परिणाम दिसल्यावर. 1984 मध्ये स्प्रेडर ग्राफ्ट वैद्यकीय साहित्यात आला: पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये सरकवलेली, आगपेटीच्या काडीहून थोडी रुंद, 1 ते 2 मिलिमीटर जाडीची पट्टी. तिने झडप उघडी राहते. सत्तरच्या दशकापासून दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद घेऊन नाक उघडण्याची पद्धत रुळली, आणि शेंडा कापण्याऐवजी टाक्यांनी आकाराला आणता येऊ लागला. शेंड्याच्या कमानीची 6 ते 8 मिलिमीटर रुंदी ठेवायची हा नियम तेव्हापासूनचा. 2018 च्या सुमारास कणा न फोडता त्याच्या खालची पट्टी काढून तो अख्खा खाली बसवण्याच्या पद्धतीला पुन्हा जोर आला. तिची मुळं 1899 पर्यंत जातात. ती सगळ्यांना लागू नाही. उंचवटा फार मोठा किंवा कणा फार वाकडा असेल तर जुनीच वाट बरी.

आपल्याकडे गोम असते कातडीची. शेंड्यावरची कातडी जाड आणि तेलकट असेल आणि आतला सांगाडा फार लहान केला, तर ती आवळून बसत नाही. खाली पोकळी राहते, तिथे व्रणाची गाठ भरते आणि शेंड्याच्या वर पोपटाच्या चोचीसारखा फुगवटा येतो. अशा नाकात कमी काढून आधार वाढवावा लागतो. सूज शेंड्यावर 12 ते 18 महिने रेंगाळते, म्हणून वर्षाच्या आत पुन्हा हात लावायचा नसतो.

ताज्या घडामोडी दोन. सेल्फी: 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा पाया 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतो, हे 2018 मध्ये गणिताने दाखवलं गेलं. आणि फिलर, ‘विनाऑपरेशन नाक’. अर्ध्या ते एक मिलिलिटर जेलने कण्याचा खड्डा भरता येतो, नाक लहान होत नाही. इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या वाहिनीला जोडलेल्या असल्याने जेल चुकून आत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टी जाते. आधी शस्त्रक्रिया झालेल्या नाकात हा धोका अधिक.

वेळ ठरवताना इंदूरची एक अडचण असते. बाहेरचं प्लास्टर आणि खांबावरचे टाके साधारण 7 दिवसांत निघतात, पण हाड धरायला 6 आठवडे लागतात. तोवर चष्म्याचा भार कण्यावर नको. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया केली तर त्या 6 आठवड्यांत बहुधा रंगपंचमी येते, आणि राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, म्हणजे गर्दीतली कोपरं आणि नाकात जाणारा गुलाल. लग्नाचा मुहूर्त असेल तर निदान 6 महिने आधी. चमकी, मोरणी आदल्या दिवशी काढायची. छिद्र नवं असेल तर बुजू शकतं, हे आधी विचारून घ्यायचं. चापाची नथ नाकपुडी दाबूनच बसते, तीही 6 आठवडे डब्यात. नाकपुडीचा पाया कमी केला असेल तर खाचेतला व्रण पक्का होईपर्यंत भरगच्च मोत्यांची नथ त्याहून जास्त दिवस.